लिंकन वकील म्हणून कसा होता? तालुका कोर्टातून दिलेलं उत्तर

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "लिंकन खेड्यातला गरीब वकील होता, जन्मभर हरत राहिला आणि शेवटी एकदम राष्ट्राध्यक्ष झाला, हे खरं का? तो खोटी केस कधीच घ्यायचा नाही म्हणतात. आणि आमदारकी व वकिली एकाच वेळी कशी करायचा? मी तालुक्याच्या गावचा आहे. सनद मिळाल्यावर इथेच बसावं की शहरात जावं हे ठरत नाही, म्हणून विचारतोय."

शेवटचं वाक्य नसतं तर कदाचित मी उत्तर लिहिलं नसतं. मी ३४ वर्षं तालुका कोर्टात बसतो, काम बहुतेक दिवाणी. लिंकनचा नाद लागला तो त्याच्या कोर्टातल्या कागदांमुळे. भाषणं नंतर वाचली.

आधी ती व्हॉट्सॲपवरची यादी निकालात काढू. १८३१ मध्ये धंद्यात बुडाला, १८३२ मध्ये निवडणूक हरला, १८३८ मध्ये सभापतिपद हुकलं, असं करत करत १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष. यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. पण गाळलेलं काय आहे ते बघा. १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० अशा ओळीने चार निवडणुका हा माणूस आमदारकीला जिंकलाय. १८३६ मध्ये तर सँगमन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सगळ्यात जास्त मतं त्यालाच होती. आणि सभापतिपद हुकायला मुळात त्या पदासाठी पक्षाने आपलं नाव पुढे करावं लागतं, तेही वयाच्या तिशीच्या आत. कैफियतीत (कोर्टाला दिलेल्या लेखी म्हणण्यात) सोयीच्या तारखा तेवढ्या घालून बाकीच्या गिळणारे पक्षकार मी रोज बघतो. ही यादी त्याच धाटणीची आहे.

तसंच ते शाळाशाळांच्या भिंतीवर लावलेलं, मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र. महाराष्ट्रात लिंकन बहुतेकांना त्या पत्रातूनच भेटतो, मलाही तसाच भेटला. लिंकनने ते लिहिल्याचा पुरावा नाही, त्याच्या कागदपत्रांत ते कुठेच सापडत नाही. पत्र सुंदर आहे, भिंतीवर खुशाल राहू द्या. पण लिंकनविषयीचा पुरावा म्हणून दाखल कराल तर त्यावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडणार नाही.

आता खरा माणूस. १८३१ मध्ये २२ वर्षांचा लिंकन इलिनॉयमधल्या न्यू सालेम नावाच्या वस्तीत दुकानावरचा नोकर म्हणून आला. सगळी शाळा जमेला धरली तरी वर्षभराची भरत नव्हती. दुसऱ्याच वर्षी तो विधानसभेला उभा राहिला आणि पडला. १३ उमेदवारांत आठवा, निवडून यायचे होते चौघे. पण न्यू सालेम आणि आसपासच्या वस्त्यांच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याची होती. हा आकडा मला फार बोलका वाटतो, कारण तिथे तेव्हा मतदान तोंडी होतं. कारकुनासमोर उभं राहून सगळ्यांच्या देखत उमेदवाराचं नाव घ्यायचं. वर्षभरापूर्वी आलेल्या एका उपऱ्या पोराचं नाव २७७ माणसांनी चारचौघांत तोंडाने घेतलं.

मग बेरी नावाच्या भागीदाराबरोबर त्याने दुकान काढलं. दुकान बुडालं, बेरी १८३५ च्या सुरुवातीला वारला आणि सगळं देणं लिंकनच्या डोक्यावर आलं. साधारण ११०० डॉलर. मित्रमंडळीत तो त्याला थट्टेने 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा. एका धनकोने हुकूमनामा घेतला आणि लिंकनचा घोडा, खोगीर आणि जमीनमोजणीची अवजारं लिलावात निघाली. म्हणजे पोट भरायचं साधनच गेलं. जेम्स शॉर्ट नावाच्या शेजाऱ्याने त्या लिलावात बोली लावली, सगळं विकत घेतलं आणि आणून लिंकनच्या हवाली केलं. बाकीचं देणं तो पुढची कित्येक वर्षं फेडत होता.

हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढे जवळजवळ २५ वर्षांच्या वकिलीत त्याने आणि त्याच्या भागीदारांनी पाच हजारांवर प्रकरणं चालवली आणि त्यातली निम्म्याहून जास्त पैशाच्या वसुलीची होती. हातउसने, उधारी, वचनचिठ्ठी (पैसे देण्याचं लेखी वचन), जामीन राहिलेला मेहुणा. आपल्याकडे दर मंगळवारी बोर्डावर जे असतं तेच. फरक एवढाच की हा वकील जप्तीच्या दोन्ही बाजूंना उभा राहून आलेला होता. माझ्या ओळखीतले वसुलीचे जे वकील प्रतिवादीला बाहेर बाकावर बसवून 'किती देऊ शकतोस ते सांग' असं विचारतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी बेलीफ येऊन गेलेला असतो.

दुकान गेल्यावर तो गावचा पोस्टमास्तर होता आणि काउंटीचा दुय्यम मोजणीदारही. पोस्टमास्तर म्हणून गावात येणारं प्रत्येक वर्तमानपत्र आधी त्याच्या हातात पडायचं. मोजणीदार म्हणून काउंटीतल्या कुठल्या दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाकडं आहे हे त्याला त्या दोघांइतकंच ठाऊक होतं. मतदार आणि अशील, दोघांची यादी इथेच तयार झाली.

१८३४ मध्ये तो निवडून आला. अंगावर धड कपडे नव्हते म्हणून कोलमन स्मूट नावाच्या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेतले आणि त्यातले ६० डॉलर एका सुटावर घातले. त्याच प्रचारात जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने, जो त्याच पक्षाचा उमेदवार होता, त्याला सांगितलं की तू कायदा वाच. पुस्तकं स्टुअर्टच्या स्प्रिंगफील्डमधल्या कचेरीतून आणायची, तीसेक किलोमीटरवरून. मार्च १८३६ मध्ये सर्किट म्हणजे फिरत्या कोर्टाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला, सप्टेंबरमध्ये परवाना, आणि १ मार्च १८३७ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या कारकुनाने वकिलांच्या पटावर नाव चढवलं. म्हणजे आमदार आधी, वकील नंतर. क्रम लक्षात ठेवा.

परीक्षा म्हणाल तर जवळजवळ नव्हतीच. पुढे लिंकन स्वतः परीक्षक झाला तेव्हाची एका उमेदवाराने सांगितलेली आठवण आहे. हॉटेलच्या खोलीत लिंकनची आंघोळ चालू होती, त्यातच दोन-चार प्रश्न विचारले, बाकी गप्पा. मग दुसऱ्या परीक्षकाला चिठ्ठी दिली, तिचा मतलब असा: हा दिसतो त्यापेक्षा बराच हुशार आहे. तुम्ही ऑल इंडिया बार एक्झामच्या फॉर्मची फी भरत असाल तर हे वाचून त्रास करून घेऊ नका.

आता तिसरा प्रश्न: दोन्ही एकदम कसं जमायचं? उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. इलिनॉयची विधानसभा तेव्हा एक-दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये भरायची आणि शेतीची कामं सुरू व्हायच्या आत उठायची. फिरतं कोर्ट निघायचं वसंतात आणि शरदात. दोघांची गाठच पडत नव्हती. शिवाय राज्याचं सुप्रीम कोर्टही राजधानीतच, व्हँडेलियाला. आमदार होऊन राजधानीत गेलेल्या वकिलाला अपिलं आयती मिळायची, राज्यभरातल्या वकिलांशी ओळखी व्हायच्या. त्या काळात यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. (आपल्याकडेही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आमदार-खासदारांना वकिली करायला बंदी नाही, ते पगारी नोकर नव्हेत. तेव्हा हसू नका.)

पण हितसंबंध कुठे गुंततात ते दाखवायला लिंकनचंच उदाहरण पुरेसं आहे. सँगमन काउंटीचे नऊ प्रतिनिधी होते, सगळे ताडमाड, सरासरी सहा फूट. त्यांना 'लाँग नाइन' म्हणत. यांनी ठरवलं की राजधानी व्हँडेलियाहून उचलून आपल्या स्प्रिंगफील्डला न्यायची. २८ फेब्रुवारी १८३७ ला तसं मतदान झालं. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, लिंकनचं नाव वकिलांच्या पटावर चढलं. १५ एप्रिलला तो न्यू सालेम सोडून स्प्रिंगफील्डला राहायला आला आणि स्टुअर्टचा भागीदार झाला. राजधानी आली की सुप्रीम कोर्ट येणार, फेडरल म्हणजे केंद्राचं कोर्ट येणार, आणि गावातल्या वकिलांच्या घरी गंगा. त्याने हे स्वतःसाठी केलं असं मी म्हणत नाही, त्याच्या काउंटीच्या लोकांना हवंच होतं ते. पण उलटतपासणीत या तीन तारखा मी त्याच्यासमोर एकापाठोपाठ एक ठेवल्या असत्या.

त्याच दिवसांत मंजूर झालेलं दुसरं कामही सांगायला हवं, कारण चरित्रं ते पटकन उरकतात. रस्ते, कालवे, रेल्वे यांच्यासाठी १ कोटी डॉलरचा कार्यक्रम. राज्याची वस्ती तेव्हा पाच लाखांच्याही आत. तुम्ही राजधानीला मत द्या, आम्ही तुमच्या रेल्वेला देतो, अशी देवाणघेवाण झाल्याचा आरोप तेव्हाच झाला होता. इतिहासकारांत त्यावर अजून एकमत नाही. लगेच १८३७ ची मंदी आली, अर्धवट खणलेले मार्ग तसेच राहिले आणि काही वर्षांत राज्याला कर्जाचं व्याज देणंही जमेना. लिंकन या योजनेचा खंदा समर्थक होता आणि फसतेय हे दिसू लागल्यावरही बराच काळ राहिला. अठ्ठाविशीतला आमदार, स्वतः कर्जात, आणि राज्यालाही कर्जात घालणारा.

खिडकीची गोष्ट तर त्याला स्वतःलाही आवडत नसे. डिसेंबर १८४० मध्ये सभागृह तात्पुरतं स्प्रिंगफील्डच्या एका चर्चमध्ये भरत होतं. अधिवेशन तहकूब झालं की स्टेट बँकेला नोटांच्या बदल्यात पुन्हा रोख नाणं द्यावं लागणार होतं आणि लिंकनच्या व्हिग पक्षाला बँक वाचवायची होती. म्हणून गणपूर्ती होऊ द्यायची नाही. पक्षाचे लोक बाहेर थांबले. लिंकन आणि आणखी दोघे हाक पडली की हरकत घ्यायला आत. विरोधकांनी माणसं धरून आणली, गणपूर्ती झाली, दार बंद. तेव्हा हे तिघे खिडकी उघडून बाहेर उडी मारून गेले. हजेरी तोवर लागून गेली होती, त्यामुळे उपयोग शून्य. विरोधी वर्तमानपत्राने लिहिलं की लिंकनला काही इजा झाली नसावी, त्याचे पाय खिडकीतूनच जमिनीला टेकत असतील.

आणि तरी याच आमदारकीत एक कागद आहे. १८३७ च्या जानेवारीत गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संघटनांचा निषेध करणारे ठराव सभागृहात ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाले. सहांत लिंकन होता. मार्चमध्ये, राजधानीचं काम हाती लागल्यावर, त्याने आणि डॅन स्टोन या सहकाऱ्याने एक लेखी निवेदन कामकाजात नोंदवलं: गुलामगिरी ही अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, मात्र ती मोडू पाहणाऱ्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम कमी होण्याऐवजी वाढतात. वकिलाचा कागद आहे तो. एक पाऊल पुढे टाकलंय आणि माघारी यायची वाट मोकळी ठेवलीय. सही करायला मात्र बाकीच्यांपैकी कुणी आलं नाही. आणि वेळ बघा: काउंटीचं काम होईपर्यंत हा कागद खिशात होता.

१८४२ मध्ये तो आमदारकीला उभा राहिला नाही. आता वकिलीकडे.

आठव्या सर्किटमध्ये एके काळी १४ काउंट्या होत्या. न्यायाधीश आणि त्याच्यामागे वकिलांचा घोळका, घोड्यावर नाहीतर बग्गीतून, गावोगाव. एका गावात तीन दिवस ते आठवडा, मग पुढचं गाव. एक फेरी दोन-अडीच महिन्यांची, सहाशे किलोमीटरच्या वर, आणि वर्षातून दोन फेऱ्या. खाणावळीत एका पलंगावर दोन वकील. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस मात्र एकटा झोपायचा. त्याचं वजन दीडशे किलोच्या घरात होतं, दुसऱ्याला जागाच नव्हती. बाकीचे वकील शनिवार-रविवार गाठून घरी पळायचे, लिंकन सहसा फिरतीवरच राहायचा.

या फिरतीतलं काम कसं मिळायचं ते आपल्याला पटकन कळेल. घोळका गावात शिरला की स्थानिक वकील आणि पक्षकार खाणावळीच्या दारात उभे. तिथेच झाडाखाली पाच मिनिटांत हकिगत ऐकायची, उत्तर लिहायचं, दुपारी ज्यूरीसमोर उभं राहायचं. सकाळी ज्याच्याविरुद्ध भांडलो त्याच्याबरोबर दुपारी दुसऱ्या दाव्यात एका बाजूला. रात्री जेवणाच्या टेबलावर न्यायाधीश, वकील, साक्षीदार, कधी जामिनावर सुटलेला आरोपीसुद्धा. असे चार-चार काउंट्यांतले लोक तुमचा विनोद ऐकून हसलेले असतील, तर त्या काउंट्यांत प्रचाराला वेगळं जावं लागत नाही. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनसाठी प्रतिनिधींच्या मागे लागून मतं जमवणारा मुख्य माणूस हाच न्यायाधीश डेव्हिस होता.

कागद ठेवायची त्याची जागा म्हणजे डोक्यावरची उंच टोपी. १८५० चं एक पत्र आहे. उत्तराला उशीर झाल्याबद्दल एका वकिलाची माफी मागताना तो दोन कारणं देतो: एक म्हणजे फेडरल कोर्टात फार गुंतलो होतो, दुसरं म्हणजे तुमचं पत्र जुन्या टोपीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि पत्रही. कचेरीत कागदांचं एक बोचकं असे, त्यावर त्याने लिहून ठेवलं होतं की बाकी कुठे सापडलं नाही तर यात बघा. मी वकिली सुरू केली त्या वर्षी मूळ खरेदीखत पंचांगात ठेवून विसरलो होतो आणि सहा तारखा कोर्टाला 'मूळ दस्त सादर करतो' सांगत होतो. त्यामुळे या टोपीविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे.

फीबद्दल. १८५६ च्या फेब्रुवारीत क्विन्सीच्या फ्लॉइड नावाच्या माणसाने एका भाडेपट्ट्याच्या कागदांसाठी २५ डॉलर पाठवले. लिंकनने उलट लिहिलं की मी महागडा माणूस आहे असा तुमचा समज दिसतो, या कामाला १५ पुरेत. १५ ची पावती जोडली आणि १० ची नोट परत केली. त्याचा डॅनव्हिलचा जोडीदार लॅमन याची आठवण अशी की एका मनोरुग्ण मुलीच्या इस्टेटीच्या कामात ठरलेली २५० डॉलर फी लिंकनने निम्मी परत करायला लावली, कारण काम वीस मिनिटांत संपलं होतं. त्यावर न्यायाधीश डेव्हिस सगळ्यांसमोर ओरडला की तू असल्या चिल्लर फीने सगळ्या बारला भिकेला लावशील.

एवढं वाचून थांबलात तर लिंकन पुन्हा भिंतीवरच्या पत्रातला होतो. म्हणून पुढचं ऐका. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला सनदेनुसार करमाफी होती, तरी मॅकलीन काउंटीने कर लावला. लिंकनने आधी दुसऱ्या एका काउंटीला विचारून पाहिलं की तुमच्यातर्फे उभा राहू का, तिकडून जमलं नाही तेव्हा रेल्वेचं वकीलपत्र घेतलं. १८५६ मध्ये सुप्रीम कोर्टात रेल्वे जिंकली, लाखोंचा कर वाचला. लिंकनने फी मागितली ५,००० डॉलर. रेल्वे देईना. त्याने स्वतःच्याच अशिलावर दावा लावला आणि १८५७ मध्ये जिंकला. निम्मी रक्कम कचेरीतला भागीदार हर्नडनला दिली. आणि गंमत म्हणजे त्यानंतरही रेल्वेचं काम त्याच्याकडे येतच राहिलं. भाडेपट्ट्याचे १५ आणि रेल्वेचे ५,०००, दोन्ही फी ठरवणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळा त्याने कामाची किंमत बघितली.

चंद्राची केस सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. मे १८५८, बियर्डस्टाउन. खुनाच्या खटल्यातला आरोपी डफ आर्मस्ट्राँग. न्यू सालेमला लिंकन ज्यांच्या घरी जेवला-राहिला त्या हॅना आर्मस्ट्राँगचा मुलगा, त्यामुळे फी नाही. साक्षीदार अॅलन म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास चंद्र चांगला वर होता, दीडशे फुटांवरून मारताना स्पष्ट पाहिलं. लिंकनने हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, मग पंचांग काढलं: त्या रात्री, २९ ऑगस्ट १८५७ ला, चंद्र तेव्हा मावळतीला टेकला होता आणि मध्यरात्रीच्या आसपास बुडाला. आरोपी सुटला. लिंकनने बनावट पंचांग आणलं अशी कुजबूज वर्षानुवर्षं होती; खगोलशास्त्रज्ञांनी नंतर गणित करून पाहिलं, पंचांग बरोबर होतं. यात शिकण्यासारखं पंचांगात नाही, त्याच्या आधी आहे. साक्षीदार खोटा आहे हे हातात असताना त्याला घाईने न अडवता त्याचं विधान घट्ट होऊ देणं. नवे वकील इथेच घाई करतात, पहिल्याच प्रश्नाला पंचांग काढतात.

आता दुसरा प्रश्न, खोट्या केसचा. त्यासाठी दोन दावे शेजारी ठेवतो.

पहिला १८४१ चा. वरवर बघाल तर साधा वचनचिठ्ठीचा दावा. टेझवेल काउंटीत क्रॉमवेल नावाच्या माणसाने नॅन्स नावाची काळी तरुणी बेलीला 'विकली'. बेलीने पैशाची चिठ्ठी लिहून दिली. ती गुलाम असल्याचे कागद क्रॉमवेल नंतर देणार होता. कागद आलेच नाहीत, क्रॉमवेल वारला, वारसांनी चिठ्ठीवर वसुलीचा दावा केला आणि खालच्या कोर्टात जिंकला. अपिलात बेलीतर्फे लिंकन उभा राहिला. मुद्दा असा: इलिनॉयमध्ये गुलामगिरीला मनाई आहे, म्हणून इथे प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे असंच कायदा गृहीत धरतो. स्वतंत्र माणूस विकता येत नाही, तेव्हा चिठ्ठीला मोबदलाच नाही, आणि मोबदला नाही तर चिठ्ठी रद्द. सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. नॅन्स स्वतंत्र ठरली. एका माणसाचं स्वातंत्र्य 'मोबदल्याचा अभाव' या आपल्या रोजच्या बचावातून आलं, आणि मला त्याची ही केस चंद्राच्या केसपेक्षा दसपट आवडते.

दुसरा ऑक्टोबर १८४७ चा, कोल्स काउंटी. गुलामगिरी चालणाऱ्या केंटकी राज्याचा मॅटसन नावाचा जमीनदार इलिनॉयमधल्या आपल्या शेतावर दर हंगामाला गुलाम आणायचा आणि परत न्यायचा. जेन ब्रायंट नावाची बाई आणि तिची मुलं मात्र इथे जास्त काळ राहिली होती. आपल्याला विकायला परत नेणार हे कळताच ती चार मुलांना घेऊन पळाली आणि रदरफर्ड नावाच्या डॉक्टरने व एका खाणावळवाल्याने तिला आसरा दिला. मॅटसनने पकडवून तुरुंगात टाकवलं. रदरफर्ड लिंकनकडे वकीलपत्र घेऊन गेला, तर लिंकन म्हणाला की मॅटसनतर्फे माझ्याशी आधीच बोलणं झालंय. आणि तो खरंच मॅटसनतर्फे उभा राहिला. युक्तिवाद असा की ही माणसं हंगामी कामाला आणलेली आहेत, इथली रहिवासी नव्हेत. कोर्टाने ऐकलं नाही, जेन आणि मुलं मोकळी झाली, लिंकन हरला. मॅटसन फी न देताच केंटकीला निघून गेला असं सांगतात. लिंकन तेव्हा निवडून आलेला खासदार होता आणि दहाच दिवसांत वॉशिंग्टनला निघाला.

चरित्रकार इथे घाम पुसत बसतात. कुणी म्हणतं व्यवसायाचा नियमच होता, जो आधी येईल त्याचं घ्यायचं. कुणी म्हणतं त्याने मुद्दामच कच्चा युक्तिवाद केला. दुसरं मला पटत नाही. मुद्दाम हरणं हा अशिलाचा विश्वासघात आहे आणि तसं त्याने केल्याचं कागदावर काही नाही. पहिलं अर्धंच पटतं. नियम होता हे खरं, पण तो नाकारू शकला असता, 'मला वेळ नाही' म्हणायला वकिलाला काय लागतं? दहा वर्षांपूर्वी ज्याने गुलामगिरीला अन्याय म्हणून सही केली, सहा वर्षांपूर्वी नॅन्सला सोडवलं, त्यानेच चार लेकरांच्या आईविरुद्ध बाजू मांडली. त्याचं समर्थन करायला मी वकीलपत्र घेणार नाही. पण हे झाकूनही ठेवू नका. तुम्ही सनद घेतल्यावर पहिल्या पाच वर्षांत तुमच्याही टेबलावर अशी एक फाइल येईल.

त्याने तरुण वकिलांसाठी काढलेली टिपणं आहेत, १८५० च्या आसपासची. त्यात तो म्हणतो की दावे टाळायला सांगा, शेजाऱ्यांना तडजोडीला राजी करा, जिंकणाराही फी, खर्च आणि वेळ यांत हरलेलाच असतो. आणि तरी काम कमी पडणार नाही. पूर्ण फी आगाऊ घेऊ नका, नाहीतर कामात जीव राहत नाही, असंही आहे. हे शेवटचं वाक्य मी माझ्या ज्युनिअरना वाचून दाखवतो आणि ते हसतात, कारण आपल्याकडे आगाऊ घेतली नाही तर निकालानंतर पक्षकार रस्ता बदलतो.

शहरात जायचं की नाही? १८५५ मध्ये लिंकनला सिनसिनाटीला जावं लागलं, कापणी यंत्राच्या पेटंटची मोठी केस. तिथल्या नामांकित वकिलांनी, विशेषतः एडविन स्टँटनने, या उंच गावंढळाला जवळ उभंही केलं नाही. तयारी करून गेलेला लिंकन आठवडाभर प्रेक्षकांत बसून बघत होता. केस संपल्यावर अशिलाच्या कंपनीतल्या एका भागीदाराला तो म्हणाला की घरी जाऊन आता कायदा शिकतो. १८६२ मध्ये त्याच स्टँटनला त्याने युद्धमंत्री केलं.

१८५५ च्याच नोव्हेंबरमध्ये रीव्हिस नावाच्या एका तरुणाने त्याला विचारलं होतं की मी तुमच्याकडे कायदा शिकायला येऊ का. लिंकनने लिहिलं: मी फार वेळ घरापासून लांब असतो, माझ्याजवळ शिकून उपयोग नाही. मी स्वतः कुणाकडे शिकलो नाही. पुस्तकं मिळव आणि कळेपर्यंत वाच. वाचताना मोठ्या गावात असण्याची गरज नाही. मी न्यू सालेमला वाचलं, तिथे कधीच तीनशे माणसंसुद्धा राहत नव्हती.

ते न्यू सालेम फार टिकलं नाही. जवळच पीटर्सबर्ग नावाचं गाव वसलं, त्याची आखणी मोजणीदार म्हणून लिंकननेच १८३६ मध्ये केली होती. दुकानं, पोस्ट, माणसं सगळी तिकडे गेली आणि १८४० पर्यंत न्यू सालेम ओस पडलं.

त्याच्या दाव्यांचे कागद आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, त्याच्या हातचे दावे आणि कैफियती. चंद्रापासून सुरुवात करू नका. एखादा ४०-५० डॉलरच्या चिठ्ठीचा दावा काढा आणि मजकुरात एक शब्द जास्तीचा सापडतो का ते बघा. मग इथेच बसायचं ठरलं तर येऊन भेटा. माझ्या टेबलाला एक खुर्ची रिकामी आहे, फक्त पंखा त्या बाजूला लागत नाही.